मारलं की पळायचं

बेसबॉल खेळून पोट भरलेला सांगलीचा माणूस तुमच्या पाहण्यात नसेल. माझ्याही नाही, आरशातला सोडला तर. निवृत्तीनंतर पुण्यात राहायला आलो तेव्हा सोसायटीतली मंडळी विचारायची, "आपटे, जर्मनीत काय करत होता?" मी सांगायचो, "वॉल्व्हच्या कारखान्यात टेस्टिंगला होतो." ते खोटं नव्हतं. पण त्या कारखान्याने पहिली सहा-सात वर्षं मला ठेवून घेतलं ते वॉल्व्हसाठी नव्हे, झेलांसाठी. हे सांगितलं असतं तर म्हातारा चळला म्हणाले असते. आता ऐंशी उलटली. चळला म्हटलं तरी माझी हरकत नाही.

एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या शेवटी मी एका वर्षाच्या प्रॅक्टिकल ट्रेनिंगला स्टुटगार्टजवळ गेलो. त्सुफेनहाउझेनच्या पलीकडे आमचा कारखाना होता. पहिल्याच आठवड्यात दुपारच्या सुट्टीत मी आवारात भिंतीला टेकून ब्रेड खात होतो. पलीकडे चार-पाच कामगार चेंडू फेकाफेकी करत होते. त्यातला एक चेंडू सुटला आणि ऑफिसच्या खिडकीकडे निघाला. मी डाव्या हातात ब्रेड तसाच ठेवून उजव्या हाताने तो वरच्या वर घेतला, परत फेकला आणि पुढचा घास घेतला. कॉलेजात स्लिपमध्ये उभं राहून चार वर्षं हेच केलेलं होतं, त्यात काय मोठंसं.

एक टक्कल पडलेला, जाड मानेचा माणूस चालत आला. त्याने माझा उजवा तळहात धरला, उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं, "तुमचा हातमोजा कुठे आहे?"

मी म्हणालो, "कसला हातमोजा?"

हे हेर ब्रेंडले, हेर म्हणजे तिकडचं 'श्रीयुत'. आमच्याकडे पॅकिंग खात्याचे मायस्टर. मायस्टर म्हणजे मुकादमाच्या वर, इंजिनिअरच्या खाली, पण इंजिनिअर ज्याला घाबरून असतात असा माणूस. त्यांनी मला दुसऱ्या दिवशी कचेरीत नेलं. तिथल्या साहेबांशी दहा मिनिटं भरभर काहीतरी बोलले, त्यातला 'बेसबॉल' एवढाच शब्द मला कळला. वर्ष संपायच्या आत माझा राहण्याचा परवाना, ज्याला तिथे आउफएन्टहाल्ट म्हणतात आणि ज्याच्या नावानेच परदेशी माणसाच्या तोंडचं पाणी पळतं, तो वाढवून आला. कागदोपत्री मी टेस्टिंग खात्यात. प्रत्यक्षात आठवड्यातल्या तीन दुपारी आणि शनिवारी मैदानावर. पगार चालू. याला व्यावसायिक खेळाडू म्हणत नसतील तर कशाला म्हणतात ते मला माहीत नाही.

आता ब्रेंडलेंना हे वेड कुठून लागलं ते सांगितलं पाहिजे. युद्धात ते आफ्रिकेत पकडले गेले आणि तीन वर्षं अमेरिकेत कैदेत राहिले. तिथले पहारेकरी संध्याकाळी बेसबॉल खेळायचे. हे आधी तारेआडून बघायचे. मग बाहेर आलेला चेंडू परत द्यायला लागले. मग एक दिवस पहारेकऱ्यांना माणूस कमी पडला आणि ह्यांना आत घेतलं. पुढे कैद्यांचा सबंध संघच झाला. तीन वर्षांत पहारेकऱ्यांशी कितीतरी सामने झाले. जिंकला एकही नाही. घरी परतल्यावर ह्या गृहस्थांनी कारखान्याच्या मागच्या मोकळ्या जागेवर संघ उभा केला आणि मनाशी एकच गोष्ट धरली, एकदा तरी अमेरिकनांना हरवायचं.

त्यात राग नव्हता हो. कायझर्सलाउटर्नजवळच्या अमेरिकन छावणीचा संघ दर उन्हाळ्यात एकदा बस करून आमच्याकडे यायचा, आम्हाला धुऊन काढायचा आणि वर सोबत आणलेलं आइस्क्रीम खिलवायचा. ब्रेंडले प्रत्येकाशी हात मिळवायचे, कैदेत शिकलेलं मोडकं इंग्रजी बोलायचे, अगदी खुशीत असायचे. बस गेली की मैदानाच्या कडेला एकटेच बसायचे. मी एकदा म्हटलं, "हेर ब्रेंडले, आमच्याकडे म्हणतात की शिष्याकडून हरावं अशी गुरूची इच्छा असते."

ते म्हणाले, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, "पण गुरूंना हे अजून कोणी सांगितलेलं दिसत नाही."

वाचकांपैकी ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मैदानाला चार कोपरे. त्यातल्या एका कोपऱ्याला घर म्हणतात, तिथे बॅटवाला उभा राहतो. त्याच्यापासून दोन पांढऱ्या रेघा दोन बाजूंना निघतात. चेंडू या रेघांच्या आत मारायचा, बॅट टाकायची आणि पहिल्या कोपऱ्याकडे पळत सुटायचं. तुमच्याआधी चेंडू तिथे उभ्या असलेल्या माणसाच्या हातात पोचला की तुम्ही बाद. चारी कोपरे फिरून घरी आलात की एक धाव. चेंडू रेघांच्या बाहेर गेला तर फाउल. पहिले दोन फाउल तुमची चूक म्हणून धरतात, पण त्यापुढे कितीही मारा, झेल गेला नाही तर त्यावर बाद देत नाहीत. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, कारण माझी सगळी कारकीर्द तिच्यावर उभी आहे.

झेल हे माझं नाणं खणखणीत होतं. बॅटिंगची मात्र बोंब. मला बॅटिंग शिकवली माझ्या मामांनी. ते शाळेत गणित शिकवायचे आणि रविवारी मॅटिंगवर दिवसभर खेळायचे. विकेट फेकणारा माणूस पुढे संसारही फेकतो, असं त्यांचं ठाम मत. त्यांच्या हाताखाली तयार झालेला मी चेंडू कट करायचो, ग्लान्स करायचो, नजाकतीने पाठीमागे वळवायचो. आणि ते सगळंच्या सगळं रेघांच्या बाहेर. फाउल. पुन्हा फाउल. महिनाभर बघून ब्रेंडलेंनी हात टेकले. म्हणाले, "हेर आपटे, मैदान तुमच्या पुढे आहे. मागे फक्त सायकली ठेवल्यात."

पण माणूस पॅकिंगवाला. फुटकी वस्तूही कुठेतरी कामाला येतेच, हा त्यांचा धर्म. एका सामन्यात त्यांच्या लक्षात आलं की मी बाद होत नाही आणि समोरचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, घामाघूम होतो. तेव्हापासून माझं काम ठरलं. समोरचा पिचर जोरात असला की मला पाठवायचं. मी एकामागून एक फाउल मारायचो. एकदा हाइलब्रोनकडच्या संघाच्या पिचरला मी सतरा चेंडू टाकायला लावले. त्याने अंपायरला विचारलं की हे नियमात बसतं का. बसतं म्हटल्यावर तो जमिनीवर बसला. त्याच्यापुढे आमच्या लोकांनी धावाच धावा केल्या. मला तिथे सगळे 'साबण' म्हणायचे, हाताला लागूनही न सापडणारा. सांगलीला याला सरळ खडूस म्हटलं असतं.

पडद्यामागच्या गोष्टी सांगायच्या तर आमचे झेल घ्यायचे चामडी हातमोजे. अमेरिकनांनी टाकून दिलेले, कडक, भेगा पडलेले. माझ्या आईने मला थंडीसाठी खोबरेल तेलाचा डबा पाठवला होता, तो तिथल्या हवेत दगड होऊन बसला होता. मी तो शेगडीवर पातळ केला आणि सगळ्या मोज्यांना चोळलं. चामडं असं मऊ झालं की बस. तेव्हापासून आई दर पार्सलात एक डबा जास्त पाठवू लागली. तिला वाटायचं पोराचे केस गळतायत. आमच्या कपडे बदलायच्या खोलीला आमच्या घरातल्या न्हाणीचा वास यायचा आणि नऊ दणकट जर्मन त्यात बसून बिअर प्यायचे.

दुसरं संकट माझ्या घरमालकीणबाईंचं, फ्राउ क्लाइन यांचं. त्या भागात केअरवोखे नावाची चाल आहे. आठवडाभर तुमच्या दारावर पाटी लटकते आणि त्या आठवड्यात जिना, पायरस्ता, फुटपाथ झाडून-पुसून लख्ख करायचं ते तुम्ही. शनिवारी बाई बोट फिरवून बघायच्या. एकदा सामन्याच्या शनिवारी नेमकी माझी पाटी. संघाची बस खाली उभी. बाई जिन्यात कंबरेवर हात ठेवून उभ्या. "हो, हो, बेसबॉल, बेसबॉल. आधी जिना." शेवटी बसमधून आमचा पिचर युर्गेन उतरला. त्याच्यामागून बाकीचे. नऊ जणांनी गणवेशात तीन मजले पुसले. बाईंनी बोट फिरवलं, मान हलवली आणि म्हणाल्या, "आल्झो," म्हणजे 'तर मग', "कोपरे राहिलेत." कोपरे केले तेव्हा सुटलो.

हा युर्गेन कारखान्यात टर्नर होता. उंच, लांब ढांगांचा, स्वभावाने गाय. दुपारच्या सुट्टीत मी त्याला क्रिकेट शिकवलं. त्याने लेथवर तीन स्टंप इतके सुरेख कातून आणले की त्यावर चेंडू मारायला जिवावर यायचं. धाव घ्यायची की नाही हे जोडीदाराला ओरडून सांगायचं असतं, ते मी त्याला मराठीतच शिकवलं: 'पळ' आणि 'थांब'. ते पुढे बेसबॉललाही कामाला आलं. मी बाकावरून ओरडायचो, युर्गेन ऐकायचा आणि समोरच्यांना काही कळायचं नाही. जर्मन सगळ्यांना कळायचं, इंग्रजी अमेरिकनांना. मराठी फक्त युर्गेनला. माझा एक शब्द की तो जागच्या जागी थबकायचा.

चौथ्या वर्षी लग्न करून सुमनला घेऊन आलो. ती वाईची. क्रिकेट तिने कधी पाहिलं नव्हतं, बेसबॉल तर नाहीच, त्यामुळे तिचं मन अगदी स्वच्छ होतं. पहिला सामना बघून म्हणाली, "अहो, तुम्ही सोडून सगळे पळतायत. तुम्हाला पाय दुखतोय का?" तिने बाकावर चिवड्याचा डबा ठेवायला सुरुवात केली. ब्रेंडले त्यातले दाणे वेचून खायचे आणि तिने डोळे वटारले की मूठभर सगळं मिळून घ्यायचे.

मग एका वसंतात कारखान्याच्या फलकावर नोटीस लागली. मागच्या जागेवर नवं गोदाम होणार, शरद ऋतूत खोदकाम सुरू. त्याच शरद ऋतूत ब्रेंडले निवृत्त होणार होते. गोदाम पॅकिंग खात्यासाठीच होतं, म्हणजे मागणी त्यांनीच वर्षानुवर्षं केलेली. ती आत्ता मंजूर झाली. ते फलकासमोर उभे राहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "म्हणजे अमेरिकन आता एकदाच येणार."

त्या उन्हाळ्यात आम्ही जितका सराव केला तितका मी परीक्षेचा अभ्यास केला नव्हता. हे कशासाठी ते प्रत्येकाला ठाऊक होतं. युर्गेनने रजा घेतली नाही. फ्राउ क्लाइननी त्या शनिवारची माझी पाटी आपण होऊन स्वतःच्या दारावर लावली, याहून मोठं काय सांगू.

सामन्याच्या दिवशी सकाळी पाऊस पडून गेला होता, गवत ओलं होतं. अमेरिकनांचा पिचर तोफखान्यातला पोरगा, खांदे दारासारखे. आमचा युर्गेनही त्या दिवशी पेटला होता. आठ डाव झाले, चार-चार बरोबरी. नवव्या डावात, म्हणजे शेवटच्या, त्यांना एकही धाव मिळाली नाही आणि आम्ही बॅटिंगला आलो. आमचे दोन बाद, तिसरा गेला की डाव संपला. युर्गेन तिसऱ्या कोपऱ्यावर उभा, घरापासून एका धावेवर. तो आला की सामना आमचा. बॅटिंगला मी.

ब्रेंडले पहिल्या कोपऱ्याच्या बाहेर उभे. नियमच आहे तसा, पळणाऱ्याला सांगायला आपला एक माणूस तिथे उभा राहतो. त्यांनी टोपी काढून हातात धरली.

मी माझं काम सुरू केलं. फाउल, फाउल, फाउल. दहा चेंडू झाले, बारा झाले. पोराचा हात थकायला लागला. तेरावा चेंडू हळू आला, अगदी मधोमध. मामा आठवले नाहीत, काही आठवलं नाही, बॅट सरळ आली आणि चेंडू जमिनीवरून रेघांच्या आत गेला. साधा टोला. त्यांच्या मधल्या माणसाने डावीकडे वाकून तो अडवला.

आणि मी काय केलं? मी चेंडूकडे पाहिलं. फील्डरच्या हातात आहे. धाव नाही. हात वर केला आणि युर्गेनकडे बघून सांगलीच्या मैदानावर ओरडावं तसा ओरडलो, "थांब!"

युर्गेन थांबला.

बाकाजवळून सुमनचा आवाज आला, "अहो, पळा की!" क्रिकेट न पाहिलेल्या त्या बाईला जे कळलं ते मला कळलं नाही. मी बॅट घेऊन क्रीजमध्ये उभा. तिथे क्रीजही नव्हती.

त्यात दैवाची थट्टा बघा. कोपऱ्याकडे धावताना अमेरिकनांचा पहिल्या कोपऱ्यावरचा माणूस ओल्या गवतावरून घसरला होता आणि ब्रेंडलेंच्या बुटांपुढे पालथा पडला होता. कोपरा मोकळा. मी चालत गेलो असतो तरी पोचलो असतो. पण मी हललोच नाही. त्यांच्या मधल्या माणसाला खरं वाटेना, त्याने चेंडू हातात धरून माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्याकडे पाहिलं. पडलेला माणूस उठला, गुडघे झटकले, कोपऱ्यावर येऊन चेंडू घेतला. मी बाद.

जादा डावात त्यांनी दोन धावा केल्या. आम्ही एकही नाही. त्यांनी आइस्क्रीम काढलं. आम्ही ते खाल्लं. असं आइस्क्रीम शत्रूलाही खायला लागू नये.

मला कोणी शिव्या दिल्या नाहीत, तेच वाईट. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. युर्गेन माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तू सांगितलंस म्हणून थांबलो," आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. घरी आल्यावर मी रडलो, हे आज पहिल्यांदा लिहितोय. सुमनने जेवायला वाढलं आणि त्या दिवशी एकदाही चेष्टा केली नाही. पुढे पन्नास वर्षं केली. भाजी आणायला निघालो की पाठीमागून म्हणायची, "थांबू नका हं मध्येच."

ब्रेंडले माझ्याशी बोलेनात. रागाने नव्हे, त्यांना काय बोलावं सुचत नसावं. टेस्टिंगहून पॅकिंगकडे वॉल्व्ह घेऊन मी रोज जायचो, ते चिठ्ठीवर सही करायचे आणि मान हलवायचे. महिना गेला, दीड महिना गेला. मैदानाच्या कडेला विटा येऊन पडल्या.

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी दुपारी मी धीर करून पॅकिंगमध्ये गेलो. ते आपलंच सामान एका लाकडी खोक्यात भरत होते. जुने मोजे, टोप्या, दोन बॅटी, सगळं लाकडाच्या भुश्यात नीट बसवून. मी म्हटलं, "हेर ब्रेंडले, मला माफ करा."

त्यांनी वर न बघता विचारलं, "एक सांगा. का थांबलात?"

मी सांगितलं. आमच्या खेळात मारलं म्हणून पळायलाच हवं असं नाही. मारायचं, बघायचं, जमण्यासारखं नसेल तर जोडीदाराला थांबवायचं आणि जागेवर उभं राहायचं.

"आणि बाद नाही?"

"नाही."

"असं किती वेळ उभं राहता येतं?"

"बाद होईपर्यंत. दिवसभरही. मोठे सामने पाच दिवस चालतात."

त्यांनी हातातला मोजा खाली ठेवला. "पाच दिवस. आणि मध्ये जेवायला देतात?"

"जेवायला देतात, चहा देतात."

मग त्यांच्या जाड मानेतून घुमल्यासारखा आवाज यायला लागला. मला वाटलं ठसका लागला. ते हसत होते. भिंतीला धरून हसत होते, टकलापर्यंत लाल झाले. म्हणाले, "कैदेत आम्हाला चुकीचा खेळ शिकवला, हेर आपटे. तीन वर्षं काढायची होती. हा हवा होता."

मीही हसलो. किती दिवसांनी हसलो ते आठवत नाही. मग त्यांनी खोक्यावर झाकण ठेवलं आणि हातोडी उचलली. एक खिळा तोंडात धरला, मग काढला.

"आणखी एक. तुम्ही पळाला असतात तर पोचला असतात का?"

मैदानावर चेंडू वळवले, बोलण्यात मात्र मामांच्या शिकवणीने मी आयुष्यभर सरळ बॅटीने खेळलो. त्या वेळी त्या म्हाताऱ्या माणसाचा चेहरा बघितला आणि म्हणालो, "नाही. दोन पावलं कमी पडलो असतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली.

"गेनाऊ," ते म्हणाले. "दोन पावलं. मी तिथेच उभा होतो ना, मलाही दोनच दिसली."

मग त्यांनी मला खोक्याची दुसरी बाजू धरायला सांगितली आणि पहिला खिळा ठोकला.